आजची दृश्यं

४ मार्च

तीन वेळा चहा, दोन वेळा ‘बघू’, आणि आज एकदाचा होकार. जुन्या छापखान्याचा हॉल, तीस तारखेला उद्घाटन, पुढे दोन महिने प्रदर्शन. क्युरेटर बाई म्हणाल्या, “तुम्ही एडिटर आहात, आर्टिस्ट नाही, हेच मला आवडलं.” हे कौतुक की टोमणा ते घरी येईपर्यंत कळलं नाही. पण होकार तो होकार.

काम काय आहे ते इथे एकदा सरळ लिहून ठेवते, कारण उद्यापासून मी ते दहा जणांना दहा तऱ्हेने सांगणार. बावीस वर्षं मी न्यूज चॅनेलच्या एडिट रूममध्ये बसून युद्धं कापते आहे. कॅमेरामन दोन मिनिटं पाठवतो, बातमीत अकरा सेकंद जातात. मधला तुकडा जातो. पुढचं डोकं आणि मागची शेपूट मी उडवते. डोक्यात असते हलणारी जमीन, कुणाचा तरी बूट, केस नीट करणारी रिपोर्टर. शेपटीत असतो रडता रडता थांबून “झालं का?” विचारणारा माणूस. हे सगळं मी ‘भंगार’ नावाच्या फोल्डरमध्ये अकरा वर्षं जमवलंय. आता एक साधी बैठकीची खोली करायची. सोफा, टीव्ही. टीव्हीवर नुसती डोकी आणि शेपट्या, मधलं काहीच नाही. टीव्हीच्या वर एक कॅमेरा, तो सोफ्यावर बसलेल्यांना टिपणार, आणि त्यांची तोंडं बाहेर रांगेत उभ्या असलेल्यांना भिंतीवर मोठी दिसणार. बाहेरच्यांना युद्ध दिसणारच नाही, युद्ध बघणारे दिसतील.

माझा सगळ्यात लाडका तुकडा छत्तीस सेकंदांचा आहे. आमची नावाजलेली रिपोर्टर एका म्हाताऱ्याला सांगते आहे, “काका, एकदा परत. मुलाची बातमी कळली तिथपासून. आणि रडू आलं तर थांबवू नका. आम्ही थांबतो, घाई नाही.” म्हातारा मान हलवतो आणि खरंच पहिल्यापासून सुरू करतो. हे बघून बाईंनी तो तुकडा परत लावायला सांगितला. तेव्हाच मला कळलं की काम झालं.

डोकी-शेपट्या जपून ठेव असं गॉगल कॅन्टीनमध्ये कधीतरी म्हणाला होता. पण म्हणायला काय जातं? माहितीपत्रकात संकल्पना म्हणून माझंच नाव जाईल.

गॉगल म्हणजे आमचा कॅमेरामन, आणि माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. ऊन असो नसो, गॉगल कपाळावर. जानेवारीपासून तो युद्धावर आहे. एरवी कॅमेरामन रंग जुळवायला शर्ट, भिंत, जे पांढरं दिसेल ते कॅमेऱ्यापुढे धरतात. हा पठ्ठ्या खिशात घडी केलेला पांढरा कागद बाळगतो. त्यावर तारीख आणि ठिकाण लिहितो, कागद कॅमेऱ्यापुढे धरून मोठ्याने वाचतो, मग खोकतो, मग शूट सुरू. मी त्याला म्हटलं होतं, तुझं हे कीर्तन मला दरवेळी कापावं लागतं. तर म्हणाला, “काप की, मास्तरीणबाई. पण फेकू नको.”

७ मार्च

गॉगलचा पत्ता लागत नाही. काल दुपारी पुलाच्या गावातून त्याचा फोन आला होता. ते गाव नदीकाठी, अगदी आघाडीवर. त्यानंतर फोन बंद, गाडीचा ड्रायव्हरही गायब. मी खालच्या मजल्यावर गेले तर धाकटी स्वयंपाकघरात उभी, नळ चालू, हातात काही नाही. मी नळ बंद केला. ती म्हणाली, “ताई, तुमच्या ऑफिसला कळेलच ना आधी?” मी हो म्हटलं. बावीस वर्षांत आमच्या ऑफिसला आधी कळलेली एकही गोष्ट मला आठवत नाही.

८ मार्च

बेपत्ता माणसांच्या शोध कार्यालयात धाकटीने अर्ज भरला. शेवटचं कुठे: पुलाचं गाव. शेवटचं कधी: सहा मार्च. तिथल्या साहेबांनी सांगितलं की त्यांच्याकडे एकच गाडी आहे, ती तेराला निघेल आणि चौदाला पुलाच्या गावात पोचेल. अर्जावर धाकटीच्या नंबरखाली मी माझाही नंबर दिला. ती फोनवर बोलण्याच्या अवस्थेत नाही.

९ मार्च

आज ऑफिसात वैताग. युद्ध आता डोंगरातल्या वरच्या शहरात पेटलंय आणि आमच्याकडे तिथलं एकही ताजं दृश्य नाही. बुलेटिनचा प्रोड्युसर माझ्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभा. “काहीही टाक. लोक हलताना दिसले म्हणजे झालं.” मी गॉगलचाच एक जुना शॉट काढला, गेल्या महिन्यातल्या फेरीतला. वरच्या शहरात पाण्यासाठी लागलेली रांग, पुढे एक लाल बादली. डोकं कापलं, नेहमीप्रमाणे भंगारात ठेवलं, नऊ सेकंद लावले, खाली पट्टी टाइप केली: आजची दृश्यं. प्रोड्युसरचा जीव भांड्यात पडला. असं आम्ही महिन्यातून चारदा करतो, त्यात विशेष काही नाही.

१० मार्च

सकाळी धाकटी धावत वर आली, पायात चप्पल नाही.

“तो जिवंत आहे. काल वरच्या शहरात होता.”

मला आधी कळेचना. मग तिने फोन पुढे केला. कालची बातमी तिने टीव्हीवरून फोनमध्ये टिपून घेतली होती. लाल बादली. रांगेतले पाय. कॅमेरा पायांपासून सुरू होऊन हळूहळू चेहऱ्यांवर चढतो, हे त्याचंच. आणि शेवटी, निवेदिकेच्या आवाजाखाली, एक बारीक खोकला.

“हा त्याचा खोकला आहे,” ती म्हणाली. “मी अकरा वर्षं ऐकतेय. आणि खाली लिहिलंय, आजची दृश्यं.”

धाकटी चष्म्याच्या दुकानात काचा घासते. पाव नंबरचा फरक तिला नुसत्या नजरेने कळतो. माझ्या मनात आलं, बाई, एवढं दिसतं तुला, मग हे कसं नाही दिसत. सांगायला मी तोंड उघडलं होतं, हे इथे नोंदवून ठेवते. पण तेवढ्यात तिने माझ्या टेबलावरचा पाव उचलला आणि उभ्या उभ्या खाल्ला. तीन दिवसांत पहिल्यांदा. मी तिला दुसरा दिला.

शिवाय सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की आम्ही जुनं ताजं म्हणून विकतो? ती दुकानात बोलेल, दुकानातून सगळीकडे. प्रोड्युसर नामानिराळा राहील आणि माझी गच्छंती. दोन-चार दिवसांत गॉगलचा फोन येईल, मग सगळेच हसू.

१२ मार्च

ती एकटी नको म्हणून शोध कार्यालयात तिच्यासोबत गेले. लांबच लांब खोली, भिंतीला नकाशा, नकाशावर रंगीत टाचण्या. साहेब सभ्य माणूस, डोळे सुजलेले. धाकटीने क्लिप दाखवली. त्यांनी ती चार वेळा बघितली. मग माझ्याकडे वळले.

“मॅडम, तुम्ही त्याच चॅनेलच्या. हे नऊ तारखेचंच ना?”

मी म्हटलं, “खाली पट्टीवर लिहिलंय तसं.”

मी खोटं बोलले नाही. पट्टीवर तसंच लिहिलं होतं.

साहेबांनी अर्जावरच्या जुन्या ओळी खोडल्या आणि वर नवीन लिहिल्या. वरचं शहर, नऊ मार्च. मग उठून पुलाच्या गावातली टाचणी काढली आणि डोंगरात टोचली. म्हणाले, “उद्याची गाडी मग वर पाठवतो. दोन्हीकडे जायला माझ्याकडे गाड्या नाहीत.” धाकटीने त्यांचे हात धरले. मला नकाशाकडे बघवेना, खोलीत फार उकडत होतं. येताना तिने रस्त्यात मला हाताला धरून चालवलं, जणू मीच आजारी. किती दिवसांनी हसली.

१५ मार्च

क्युरेटर बाई घरी आल्या होत्या, माझं भंगार बघायला. धाकटी वर आली ती वही घेऊन. तिने वही सुरू केलीय. दिवसभर दुकान, मग आल्यापासून टीव्ही. ज्या ज्या शॉटमध्ये तिला गॉगलचा हात दिसतो तो वेळेसकट लिहून ठेवते. “नऊ मार्च, आठ वाजून चार मिनिटं, लाल बादली, खोकला आहे.” “अकरा मार्च, सात बावीस, जळकी बस, पायांपासून सुरुवात, खोकला नाही.” अकराचा शॉट तर गॉगलचाही नव्हता. दुसऱ्या एका कॅमेरामनचा, गेल्या वर्षीचा.

बाईंनी ती वही हातात घेतली, शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि माझ्याकडे बघितलं. जिन्यात मला म्हणाल्या, “सोफा रिकामा ठेवायचा नाही. ह्या बसतील का?”

मी रात्रभर विचार करीन असं म्हटलं. जिना उतरेपर्यंत माझं ठरलं होतं.

१६ मार्च

धाकटीला विचारलं. म्हटलं, रोज शेकडो लोक येतील, पेपरवाले येतील, त्याचं नाव सगळीकडे होईल, कुणी ना कुणी त्याला पाहिलेलं निघेल. ती म्हणाली, “तू माझ्यासाठी एवढं करतेस, ताई.” मी म्हटलं, “बहीण कशाला असते.” हे वाक्य मी आजवर कधी उच्चारलं नव्हतं. सहज निघालं.

१८ मार्च

हॉलमध्ये खोली उभी राहिली. सोफा धाकटीच्याच घरचा आणला, खऱ्याला तोड नाही. हमालांनी तो उचलला तेव्हा खाली गॉगलची एक चप्पल सापडली. बाई म्हणाल्या, तीही आणा.

आज तालीम घेतली, टीव्हीवर तात्पुरते रिपोर्टरचा तुकडा आणि इतर दोन-चार लावून. धाकटी सोफ्यावर, मी बाहेर भिंतीसमोर. दहा फूट उंच चेहरा. बघता बघता ती पुढे झुकते, ओठ मिटते, पेन शोधते. पण चष्म्याच्या काचेत टीव्हीचा उजेड पडत होता, डोळे दिसत नव्हते. मी आत जाऊन म्हटलं, “एकदा परत करशील? सगळं तसंच कर, पण त्याचं काही दिसलं की चष्मा काढ.” तिने तसं केलं. मग मी म्हटलं, “थोडं सावकाश.” तिने सावकाश केलं. सहा वेळा करून घेतलं, एकदाही कुरकुर नाही. गुणी पोर आहे.

माझ्यात दिग्दर्शनाचं अंग आहे हे मला उशिरा कळतंय.

२१ मार्च

वरच्या शहरातून गाडी रिकामी परत आली. तिथे फेब्रुवारीनंतर त्याला कुणी पाहिलेलं नाही. साहेब बुचकळ्यात पडले. धाकटी म्हणते, गोळीबारात माणसं काय तारखा लक्षात ठेवतात? साहेब म्हणाले, आता पुलाच्या गावाकडे बघतो, पण तिकडचा रस्ता अठरापासून बंद आहे.

मी त्यांना फोन करून सांगणार होते. नंबरही काढला होता. पण गाडी आता आपणहून तिकडेच जायची आहे, मग आणखी सांगण्यासारखं काय उरलं?

२४ मार्च

दिवसभर सुतार. टीव्हीचं टेबल चार बोटं उंच झालंय, कॅमेऱ्यात धाकटीची हनुवटी कापली जाते. उद्या परत.

२७ मार्च

साहेबांचा फोन. धाकटीला आधी लावला होता, ती दुकानात मशीनवर होती, तिने उचलला नाही, म्हणून मला.

रस्ता पंचवीसला उघडला, गाडी जाऊन आली. पुलाच्या गावात एका शाळेत दवाखाना केलाय. तिथे सात तारखेला एक माणूस आणून टाकला होता. मांडीत लोखंडाचा तुकडा. ओळखपत्र नाही, ताप डोक्यात चढलेला, नीट बोलत नव्हता. जखम सडत गेली. तिथे औषधं संपली होती. शोध कार्यालयाच्या गाडीत औषधाची पेटी असते. वीस तारखेला पहाटे तो गेला. खिशात घडी केलेला पांढरा कागद, त्यावर “सहा मार्च, पुलाचं गाव”. कपाळावर गॉगलमुळे न रापलेला पांढरा पट्टा. नर्सने तेवढं लक्षात ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, “चौदाला गाडी तिथे पोचली असती.”

मी भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं.

ते म्हणाले, “मी तुम्हाला दोष देत नाही. क्लिपवर तारीख होती. तिच्यावर जाणं मला भाग होतं.”

मी म्हटलं, “धाकटीला मी सांगते. घरच्या माणसाने सांगितलेलं बरं. तुम्ही तिला फोन करू नका.” ते म्हणाले, तुम्ही समजूतदार आहात. त्याचा गॉगल आणि कागद पुढच्या आठवड्यात न्यायला या.

फोन ठेवला. मी मोरीत जाऊन बसले. त्याचा आवाज आठवत राहिला, मास्तरीणबाई म्हणणारा. मी त्याला कॅमेरा धरायला शिकवलेलं नाही, पण कुठे थांबायचं ते मीच शिकवलं. रडले. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाहीये.

उद्घाटन तीस तारखेला आहे. आज सत्तावीस.

२८ मार्च

सांगितलं नाही. विचार केला तो असा. गेलेल्या माणसाला तीन दिवसांनी काय फरक पडतो? तिला पडतो, पण तिला तो फरक चांगलाच पडतो, तीन दिवस जास्त सुखात जातील. आणि आत्ता सांगितलं तर ती बसणार नाही. ती बसली नाही तर सोफा रिकामा, आणि रिकाम्या सोफ्याला काय अर्थ आहे? हे प्रदर्शन एका अर्थी त्याचंच आहे. त्यालाही हेच आवडलं असतं.

संध्याकाळी ती कपड्यांना इस्त्री करत होती. विचारलं, “निळा घालू का, ताई? त्याला निळा आवडतो. कुठे टीव्हीवर दिसले तर बघेल.” मी म्हटलं, कॅमेऱ्यात निळा चांगला दिसतो. खरंच दिसतो.

२९ मार्च

दोनशे चौदा तुकडे मशीनवर चढवले. कुठला कधी लागेल हे मशीन ठरवणार, मी नाही, हीच त्यातली गंमत. सगळे परत ऐकायचे होते, पण सुताराने, इलेक्ट्रिशियनने आणि बाईंनी मिळून माझा दिवस खाल्ला. अख्खं फोल्डर तसंच उचलून टाकलं. माझंच तर भंगार आहे, मला काय नवीन आहे त्यात?

३० मार्च

क्रमाने लिहिते.

साडेपाचला दार उघडलं. रांग पार रस्त्यापर्यंत. आमचा प्रोड्युसर फुलं घेऊन आला होता, नावाजलेली रिपोर्टर आली होती, स्वतःचा छत्तीस सेकंदांचा तुकडा बघून ती हसत बाहेर आली आणि म्हणाली, “हरामखोर आहेस.” ही तिच्याकडून शाबासकी. मी बाहेर भिंतीपाशी क्युरेटर बाईंच्या शेजारी उभी होते. भिंतीवर धाकटी. निळ्या कपड्यात, मांडीवर वही, आजूबाजूला चार-चार पाहुणे येऊन बसत होते, उठत होते. ती तालमीप्रमाणे चोख.

सहा वाजून गेल्यावर तिचा चेहरा बदलला. आतला आवाज बाहेर येत नाही, त्यामुळे मला फक्त चेहरा दिसत होता. ती पुढे झुकली. मग अजिबात हलली नाही. मग वहीची पानं मागे मागे उलटू लागली, पहिल्या पानापर्यंत गेली, तिथे बोट ठेवलं. वर बघितलं. परत बोटाकडे बघितलं. रांगेतली कुजबुज थांबली. हे तालमीत नव्हतं. माझ्या मनात पहिला शब्द आला तो, वा.

बाई हळूच म्हणाल्या, “हे तुम्ही बसवलंत?”

मी म्हटलं, “थोडंफार.”

मग ती थेट कॅमेऱ्यात बघू लागली, म्हणजे भिंतीवरून माझ्याकडे. तेव्हा मी आत गेले.

टीव्हीवर दुसरंच काही चालू होतं, कुणाचे तरी बूट. पाहुणे उठून बाजूला झाले. धाकटी म्हणाली, “आत्ता त्याचा आवाज आला. कागद धरला होता. चौदा फेब्रुवारी, वरचं शहर, पाण्याची रांग. मग खोकला. मग लाल बादली.”



“लाल बादली माझ्याकडे नऊ मार्चला आहे,” ती म्हणाली आणि वही माझ्यापुढे धरली. “ताई, हे डोकं कुणी कापलं?”

“मी.”

“आणि खालची पट्टी?”

“मीच.”

तिला फार वेळ लागला नाही. चष्म्याच्या काचा घासणारी बाई ती, एक एक थर काढत गेली. “म्हणजे तो वर नव्हताच. साहेबांनी विचारलं तेव्हा तुला माहीत होतं. गाडी पुलाकडे जायची होती.” मग थांबून म्हणाली, “गाडी आता गेलीय ना पुलाकडे?”

मी म्हटलं, “जाऊन आली.”

तिने वही मिटली. मी सांगितलं. शाळा, मांडी, वीस तारीख, कागद. तिने विचारलं, “तुला कधी कळलं?” मी म्हटलं, “सत्तावीसला.” तिने स्वतःच्या निळ्या बाहीकडे बघितलं. मग सावकाश चष्मा काढला.

बाहेर टाळ्या वाजल्या. भिंतीपलीकडून आम्हाला चांगल्या ऐकू आल्या. बराच वेळ वाजत होत्या.

३१ मार्च

पेपरांत चांगलं आलंय. एकाने लिहिलंय की दोन बहिणींचा मूक प्रवेश अंगावर येतो. बाईंचा फोन, रोज सहाला तसंच करता येईल का? मी खाली जाऊन दार वाजवलं. धाकटीने उघडलं नाही. बैठकीच्या खोलीत सोफाच नाही, ती कुठे बसत असेल?

१ एप्रिल

ती शोध कार्यालयात एकटी जाऊन त्याचा गॉगल आणि कागद घेऊन आली. साहेबांचा मला फोन आला. “मॅडम,” एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला. प्रोड्युसरने मला रजेवर जायला सांगितलंय. त्याला काहीच माहीत नव्हतं म्हणतो.

३ एप्रिल

आज सोमवार, प्रदर्शन बंद. सकाळी अकराला धाकटीचा निरोप आला, हॉलवर ये. किल्ली तिच्याकडेही असते.

तिने बाहेरच्या भिंतीची वायर उपसून ठेवली होती. म्हटलं, “हे का बंद केलंस?” ती म्हणाली, “हे लोकांसाठी नाही, माझ्यासाठी आहे.” टीव्हीही बंद होता. कॅमेरा तेवढा चालू, लाल दिवा दिसत होता. मला सोफ्यावर बसवलं. गॉगलची चप्पल माझ्या पायाशीच होती. ती कॅमेऱ्याच्या बाजूला स्टुलावर बसली. उजवीकडून उजेड कमी पडत होता, मी तिला तसं सांगितलं, तिने उठून दिवा सरकवला.

मग पर्समधून त्याचा कागद काढला. एका बाजूला त्याचं अक्षर, घडीवर काळपट डाग. दुसरी बाजू कोरी होती, तिथे तिने काल-परवा लिहिलं असणार. तिने तो कॅमेऱ्यापुढे धरला आणि मोठ्याने वाचला, “बारा मार्च. शोध कार्यालय.”

मी म्हटलं, “आज तीन एप्रिल आहे.”

“गोष्ट जेव्हाची, तारीख तेव्हाची,” ती म्हणाली. “तो तसंच लिहायचा. सांग. साहेबांनी काय विचारलं तिथपासून.”

मी सांगितलं. नकाशा, टाचणी, पट्टीवर लिहिलंय तसं. शेवटपर्यंत सांगितलं, सत्तावीसचा फोन, इस्त्री, सगळं. अकरा मिनिटं झाली. मी म्हटलं, “झालं का?” ती म्हणाली, “परत. त्या वेळी तू कुठे बघत होतीस तेही सांग.” मी परत सांगितलं. मग परत. चौथ्या वेळी मी एक वाक्य गाळलं, खोलीत उकडत होतं ते. तिने हात वर करून मला थांबवलं. म्हणाली, “कापायचं नाही.”

पाचव्या वेळी मी म्हटलं, आता पुरे, माझा घसा बसलाय, तुला काय हवंय ते तरी सांग. तिने चष्मा पुसला, परत लावला. तालमींपासून उद्घाटनापर्यंत ती त्या टीव्हीपुढे बसली होती, त्या रिपोर्टरचा तुकडा तिने किती वेळा ऐकला असेल कोण जाणे. अगदी त्याच गोड आवाजात म्हणाली, “ताई, एकदा परत. आणि रडू आलं तर थांबवू नको. मी थांबते, घाई नाही.”

मला रडू येत नव्हतं. मी खूप प्रयत्न केला. ती खरंच थांबली, कितीतरी वेळ, हात मांडीवर ठेवून. मग तिने तो कागद परत कॅमेऱ्यापुढे धरला, तारीख वाचली, आणि मी पहिल्यापासून सुरुवात केली.